किमान तापमान चोवीस

दुसऱ्यांच्या चुका मला तारीखवार आठवतात. नवऱ्याने कोणत्या वर्षी पासपोर्ट घरी ठेवून विमानतळ गाठला, मुलीने कोणत्या इयत्तेत चुकीच्या पेपरचा अभ्यास केला, कोणत्या दिवाळीत कोणाचा चिवडा खवट झाला, सगळं. माझ्या स्वतःच्या चुका आठवत नाहीत, कारण त्या होत नाहीत, असं मी अगदी परवापरवापर्यंत मानत होते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची. मी ती मानाने मिरवायचे.

आता एक चूक आठवते, रोज आठवते. एका कागदावर एक चौकट होती. त्या चौकटीत मी चोवीस हा आकडा लिहिला आणि त्या आकड्यावर एका ओळखीच्या, हसऱ्या, भल्या माणसाचा जीव टांगला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला कुठे लपता येणार नाही.

मी मूळची निफाडची. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की तीत पहिलं नाव बहुतेक आमच्याच गावाचं असतं. कडाक्याच्या पहाटे तिथे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात, घड गारठू नयेत म्हणून. शाळेत जाताना आमचे हात इतके आखडायचे की पहिल्या तासाला अक्षर वेडंवाकडं यायचं, आणि बाईंनाही ते चालायचं. अशा गावची मुलगी एक दिवस थंडी विसरून जाईल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सिंगापूरला आले ती लग्नानंतर. पुढची बावीस वर्षं जुरोंग आयलंडवर नोकरी केली. सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, फाटकावर तपासणी, आणि दिवसभर एकच काम: गरम गोष्टी गार करणं. कारखान्यात तेल, वायू, पाणी सगळं तापत असतं, आणि ते नळ्यांच्या मोठमोठ्या पिंपांतून फिरवून निववावं लागतं. त्या पिंपांची मापं काढणं हा माझा धंदा. प्रत्येक कामाचा एक छापील तक्ता असायचा. त्याच्या अगदी वर दोन चौकटी: हवेचं कमाल तापमान, हवेचं किमान तापमान. पहिलीत छत्तीस, दुसरीत चोवीस. इथली पहाटही त्याच्या फारशी खाली जात नाही. बावीस वर्षं मी त्या चौकटी भरल्या. पुढे पुढे डोकं दुसरीकडे असायचं आणि हात भरायचा.

ती नोकरी सुटल्यावर घरी बसवेना. नवरा म्हणाला, "तू घरी बसलीस तर मला बाहेर जावं लागेल." म्हणून तोआ पायोहमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. क्रेन, बस, जनरेटर यांचे रेडिएटर तिथे दुरुस्त व्हायचे आणि नवे बनायचेही. मालक माझ्याच वयाचा, चिनी, तोआ पायोहमध्ये जन्मलेला आणि तिथेच वाढलेला. दुपारी आम्ही हॉकर सेंटरमध्ये एका टेबलावर जेवायचो, मी डाळभात घेतला की तो दुःखाने मान हलवायचा. हिशोबाच्या कागदांवर त्याची दुसरी सही लागायची. माझी सही दिसली की तो न वाचताच आपली करायचा. "यू साइन, आय साइन, कॅन लाह," म्हणायचा, इथल्या इंग्रजीत प्रत्येक वाक्याला लागणाऱ्या त्या 'लाह'सकट. मला त्याचा अभिमान वाटायचा.

कॅप्टन आमच्या इथल्या गणपतीतल्या ओळखीचे. मिरजेचे, प्रवासी विमानांतून निवृत्त झालेले, वयाने माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचे, म्हणून मला वहिनी म्हणायचे. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, हे जुनी विमानं उडवत हिंडायचे. आखातातल्या एका हौशी धनिकाने पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती बनवून घेतली होती. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, वर-खाली दोन पंख आणि मध्ये ताणलेल्या तारा. इंजिन मात्र खरं, त्या काळातलं, पाण्याने गार होणारं. ते उडवायला त्याने आमच्या कॅप्टनना नेमलं होतं.

एका रविवारी ते आमच्याकडे आले ते उजव्या हाताला पट्टी बांधून. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं होतं.

"उकळलं हो वहिनी," ते म्हणाले. "वर चढत होतो, पाणी उकळलं आणि वाफ थेट अंगावर. उघडंच बसायचं असतं ना त्यात. तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले."

ती विमानं बनली होती थंड प्रदेशातल्या आकाशासाठी. नाकावर जुन्या बसला असतो तसा चौकोनी रेडिएटर, त्याच्यापुढे खिडकीला असतात तशा आडव्या पट्ट्या. वैमानिकाने दांडी ओढली की पट्ट्या मिटायच्या, ढकलली की उघडायच्या. हवा गार असली तर मिटा, गरम असली तर उघडा. वाळवंटात त्या पट्ट्यांच्या बिजागऱ्यांत वाळू गेली आणि त्या अर्ध्या मिटलेल्या अवस्थेत अडकल्या. भर मे महिना. इंजिनाला वाराच मिळेना.

त्यांच्या हाताकडे पाहून मला राग आला. मला काळजी वाटली की रागच येतो. "तो रेडिएटर माझ्याकडे पाठवा," मी म्हणाले. "पुन्हा उकळला तर नाव बदलीन."

खोकं आलं. पितळी नळ्यांचं ते जुनं, सुंदर काम पाहून मालक हळहळला, आणि मग आम्ही कामाला लागलो. मी समोरचं क्षेत्रफळ दीडपट केलं. वरची पाण्याची टाकी मोठी केली. वाळूसाठी पुढे जाळी बसवली, ती काढून झटकता येईल अशी. आणि पट्ट्या काढून टाकल्या, मुळापासून. अडकायला काही उरलंच नाही तर अडकणार काय? माझ्या मते त्या साऱ्या कामातला सगळ्यात हुशार निर्णय तोच होता.

तक्ता भरायला बसले. कमाल तापमान या चौकटीपाशी खूप विचार केला. त्या धावपट्टीवरची उन्हाळ्यातली हवा किती तापते हे तीन जणांना विचारलं, सावलीतलं आणि डांबरावरचं वेगळं काढलं, आणि वर थोडं ठेवून बावन्न लिहिलं. मग खालची चौकट. तिच्यापाशी मी थांबल्याचं मला आठवत नाही. चोवीस. चहाचा कप डाव्या हातात होता, एवढं आठवतं.

मालकाने खाली सही केली. किमान तापमान चोवीस यात खटकण्यासारखं त्याला काय दिसणार? जन्मल्यापासून त्याने त्याहून गार हवा बघितली होती ती मॉलमध्ये.

नवा रेडिएटर बघायला कॅप्टन वर्कशॉपमध्ये आले. हाताची पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी होती. त्यांनी तोंड जवळ नेऊन नळ्यांमधून फुंकर मारली, वाकून पाहिलं, आणि मग पट्ट्यांच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"वहिनी, पट्ट्या नाहीत?"

"नाहीत. त्यांनीच तुमचा हात भाजला."

"ते खरं. पण मला ती दांडी बरी वाटायची. हातात काहीतरी असतं. गारठ्यात कसं करायचं?"

मी हसले. अजूनही ते हसणं माझ्या कानांत वाजतं, इतकं मोकळं हसले. "कॅप्टन, वाळवंटात स्वेटर घालून जाणार का?"

तेही हसले. "बरं बाई. तुम्ही म्हणाल ते. इंजिनाच्या डॉक्टर तुम्ही."

शहाण्या माणसाला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. शब्द समोरच पडला होता, आणि मी त्याची चेष्टा केली.

मग पाटीचं झालं. तिकडे विमानाचा मेकॅनिक म्हणजे एक म्हातारे सरदारजी. तरुणपणी पंजाबात ट्रक दुरुस्त केलेले, पुढची तीस वर्षं आखातात काढलेली. इंजिनावर त्यांची माया होती. पण वाळूपासून जपायला ते विमानाच्या नाकावर ताडपत्री टाकून ठेवायचे, आणि एकदा ती तशीच राहून इंजिन चालू झालं होतं. कॅप्टननी हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी मी आता ताकही फुंकत होते. मी दोन पातळ पितळी पाट्या आणवल्या आणि त्यांवर लाल रंगात स्वतःच्या हाताने हिंदीत लिहिलं, सरदारजींना वाचता यावं म्हणून: रेडिएटर को कभी न ढकें. खाली माझी सही. अक्षर मोत्यासारखं आलं. एक पाटी चार स्क्रूंनी रेडिएटरच्या चौकटीवर आवळून बसवली, दुसरी जादा म्हणून ठेवली.

सप्टेंबरमध्ये पहिली चाचणी झाली, मुद्दाम भर दुपारी. पाण्याच्या तापमानाचा काटा जिथे राहायला हवा होता तिथे राहिला, तासभर हललाही नाही. कॅप्टननी फोनवर सरदारजींना मला शाबासकी द्यायला लावली. "मॅडमजी, आपने तो कमाल कर दिया," ते म्हणाले. त्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली आणि घरी नवऱ्याला तीच गोष्ट चार वेळा ऐकवली. मुलगी म्हणाली, "ओके, आई, वी नो लाह."

विमान लोकांना दाखवण्याचा सोहळा जानेवारीत ठरला. ही हलकी विमानं वारा पडलेला असतो तेव्हा उडवतात, म्हणून वेळ ठरली ती तिथल्या सूर्योदयाची. कॅप्टननी मला तारीख, वेळ सगळं कळवलं होतं. जानेवारी हा शब्द मी वाचला, सूर्योदय हा शब्दही वाचला. दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते, आणि तरी माझ्या डोक्यात काही हललं नाही. इथे जानेवारी म्हणजे पाऊस आणि सूर्योदय म्हणजे सात वाजता बसची रांग. मी "शुभेच्छा" लिहून हात जोडलेलं चित्र पाठवलं.

त्या सकाळी मी नवऱ्याला घेऊन नोव्हेनाच्या इस्पितळात गेले होते, त्याच्या डोळ्यांच्या तपासणीला. डोळ्यांत थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागणार होता. आमचा नंबर अजून लांब होता. तिथला एसी असा की हाडं गोठावीत. मी पर्समधली शाल काढून गुंडाळून घेतली. समोरच्या भिंतीवर नंबर बदलत होते. सव्वादहा वाजले होते. तिथली वेळ सिंगापूरच्या चार तास मागे, म्हणजे सव्वासहा.

फोन वाजला. कॅप्टनचा फोटो आला होता.

विमानाच्या नाकापाशी उभे होते. मागे आकाश नुकतं उजळत होतं. अंगात जाड जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली, गळ्यात मफलर. खाली लिहिलं होतं: "वहिनी, घातला बघा स्वेटर!" आणि ते हसत होते, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

मीही हसले आधी. एक क्षणभर. मग ती वाफ दिसली.

निफाडला शाळेच्या वाटेवर आम्ही मुली तोंडातून अशी वाफ काढून विडी ओढल्याची नक्कल करायचो. अशी वाफ दिसायला हवा किती गार लागते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्या वाफेबरोबर माझे वडील आठवले. त्यांचा द्राक्षं वाहायचा ट्रक होता. थंडीच्या दिवसांत पहाटे निघण्यापूर्वी ते ट्रकच्या जाळीवर, खालच्या अर्ध्या भागावर, गोणपाट बांधायचे. एका बाजूची सुतळी मी धरून ठेवायची आणि दुसरीकडून ते गाठ मारायचे. "इंजिनालाही गोधडी लागते," म्हणायचे. "गारठलं की खोकतं, आणि घाटात खोकलं तर आपल्याला घेऊन जातं." तेव्हा मी आठ वर्षांची होते. आठव्या वर्षी मला जे माहीत होतं ते मी सत्तावन्नाव्या वर्षी विसरले होते.

बावन्न अंशांसाठी दीडपट केलेला रेडिएटर, आणि हवा चार-पाच अंश. मिटायला पट्ट्या नाहीत. वर चढताना इंजिन जोरात असतं, तेव्हा निभेल. पण उतरताना इंजिनाला जोर देणारा थ्रॉटल मिटवलेला, इंजिन जवळजवळ रिकामं फिरतंय, आणि समोरून ताशी शंभर किलोमीटरने थंडगार वारा. पाणी झपाट्याने निवत जाणार. गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. जमिनीजवळ आल्यावर थोडा जोर लागला आणि कॅप्टननी थ्रॉटल उघडला, की ते खोकणार आणि थांबणार.

मी त्या क्षणी फोन करायला हवा होता.

मी गणित केलं. नवऱ्याच्या तपासणीच्या पत्रामागे, पेन काढून, गणित केलं. आयुष्यात "माझं चुकलं" असं आकड्याशिवाय कधी कोणाला म्हटलं नव्हतं, आणि नुसत्या एका फोटोवरून घाबरून फोन करणारी बाई व्हायची मला लाज वाटली. एवढंच कारण होतं. समोर एका माणसाचा जीव होता आणि मी दशांश चिन्ह नीट मांडत होते. नवरा म्हणाला, "काय करतेस? मला सगळं धूसर दिसतंय." मी म्हटलं, "थांब जरा." दोनदा केलं. दोन्ही वेळा पाणी खूपच खाली येत होतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

कॅप्टनना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सरदारजींचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो मालकाकडे. मालकाचा फोन व्यस्त होता. तिसऱ्यांदा लागला.

"अर्जंट आहे," मी म्हणाले. "मेकॅनिकचा नंबर दे. रेडिएटर चुकलाय."

मग त्याने हळूच विचारलं, "शुअर ऑर नॉट? यू नेव्हर राँग, लेह."

"नंबर दे!" मी ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं. समोर बसलेल्या आजीने तोंडावर बोट ठेवलं.

सरदारजींनी फोन उचलला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांचा आवाज येण्याआधी मला इंजिनाचा आवाज आला, वरून, लांबून.

"मॅडमजी! साहब ऊपर हैं। दो चक्कर हो गए। क्या शान है!"

मी सांगितलं. किती स्पष्ट सांगितलं कोण जाणे. उतरताना थ्रॉटल मिटवू नका म्हणावं, जोर ठेवून लांबून, सपाट उतरा म्हणावं. त्यांनी "ठीक, ठीक" म्हटलं आणि वायरलेसवर ओरडू लागले. "साहब! साहब, पावर रखो! पावर मत काटो!" उघड्या विमानात, कानांवर लोकरीची टोपी, वाऱ्याचा घोंगाट. त्यांना ऐकू गेलं की नाही हे तेव्हा कळलं नाही. पुढे कॅप्टननीच सांगितलं, काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग आवाज खाली उतरत आल्यासारखा वाटला. मऊ झाला. सरदारजी अजून ओरडत होते. मग एक फटका ऐकू आला, लगेच दुसरा, फाटकं कापड झटकल्यासारखे. आणि नंतर कसलाच आवाज नाही.

"अरे," सरदारजी म्हणाले. "अरे अरे अरे..." फोन कुठेतरी पडला.

नोव्हेनाच्या त्या थंड खोलीत भिंतीवर आमचा नंबर लागला. नर्स बाहेर येऊन नवऱ्याचं नाव पुकारत होती. तो उठून चाचपडत माझा हात शोधत होता, आणि मी फोन तसाच कानाला धरून बसले होते.

विमान धावपट्टीच्या अलीकडे वाळूत उतरलं आणि नाकावर उभं राहून उलटलं. कॅप्टन जगले. पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडला. तीन आठवड्यांनी त्यांना सिंगापूरला आणलं, नोव्हेनालाच, आमच्या त्या खोलीपासून दोन इमारती पलीकडे. कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही, आणि जाणवणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

चौकशी झाली तेव्हा मी तो तक्ता स्वतः पाठवला, चोवीसभोवती गोल करून. मालक म्हणाला, त्याचीही सही आहे, दोघांचंही नाव अहवालात जाऊ दे. गेलं. वर्कशॉपवर कोणी खटला भरला नाही. त्या धनिकाला विमानाचा कंटाळा आला होता बहुतेक.

कॅप्टनना मी आकडा स्वतः सांगितला, पहिल्याच भेटीत, त्यांच्या बायकोसमोर. ते उशीवरून माझ्याकडे बघत ऐकत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "काटा खाली येताना मी बघत होतो. मला दिसत होता. मीच उशिरा जोर दिला. अंदाज माझा चुकला."

"पट्ट्या असत्या तर..."

"असत्या तर अडकल्या असत्या. पुरे आता. चहा आणाल का, की तेही गणित करून?"

ते असं बोलले आणि मी रडले. आणि खरं सांगते, मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आपण चूक कबूल केली, त्या माणसाने वाटून घेतली, आता ओझं दोघांत आहे, असं. त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते व्हीलचेअरवर गॅलरीत बसतात, वरून जाणारी विमानं आवाजावरून ओळखून सांगतात, बहुतेक बरोबर.

जूनमध्ये खोकं परत आलं. विमान मोडीत निघालं होतं. रेडिएटर तुमचा आहे, म्हणून सरदारजींनी पाठवून दिला होता. मालकाने पहारीने फळ्या उचकटल्या. पितळ चेपलं होतं, नळ्यांत अजून वाळू होती. माझी पाटी जागच्या जागी होती, चारही स्क्रू घट्ट. रेडिएटर हलू नये म्हणून त्याच्याभोवती एक गोणपाट गुंडाळलं होतं.

मी ते झटकलं. गोणपाट नुसतं गुंडाळायला आणलेलं नव्हतं. कापून, कडा दुमडून, दाभणाने शिवलेलं होतं. चार कोपऱ्यांना चार सुतळ्या. मी ते रेडिएटरवर धरून पाहिलं. खालच्या अर्ध्या भागावर तंतोतंत बसत होतं.

तिथूनच, वर्कशॉपच्या फरशीवर बसून, मी सरदारजींना फोन लावला. बरं-वाईट विचारलं. मग विचारलं, ते गोणपाट कशाचं?

ते जरा अवघडले. मग म्हातारी माणसं जुनी गोष्ट सांगतात तसं सांगू लागले. पंजाबात थंडीत ट्रकला बांधायचे. आदल्या पहाटेचा गारठा बघून त्यांनी ते त्याच दिवशी शिवून ठेवलं होतं. त्या सकाळी बांधलंही होतं, चारही गाठी मारून. कॅप्टन आले, त्यांनी पाहिलं, पाटी वाचली.

"मैंने कहा, साहब, ठंड है, रहने दो। साहब बोले, खोल दो। मॅडम ने लिखा है तो सोचके लिखा होगा।"

मी हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

"आप दिल पे मत लेना, मॅडमजी। साहब ने तो बोला था, उनको कभी मत बताना। मेरे मुँह से निकल गया।"

मी फोन ठेवला, मालकाकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी काढायला लागले. स्क्रू मीच इतके घट्ट बसवून घेतले होते की तिसरा निघेना. मालक पुढे आला. मी त्याला हात लावू दिला नाही.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे कॅप्टनकडे गेले. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. वरून एक मोठं विमान गेलं, त्यांनी मान वर केली नाही.

"खोकं आलं म्हणे," ते म्हणाले.

"आलं."

"काय काय होतं?"

ते माझ्याकडे बघत होते, अगदी नीट. त्यांच्या उजव्या हातावरची जुनी भाजल्याची खूण आता पांढरी पडली आहे. मी त्या खुणेकडे पाहत राहिले.

"रेडिएटर," मी म्हणाले. "बाकी काही नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.